जात्यावरच्या बाईचा उजवा हात

दादा, तुम्ही केलेली लाकडाची जात्यावरची बाई माझ्याकडं आहे, सासरी शिनोलीला. तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकांनी करवती, रंधे, वाकस वाटून घेतले, ही मात्र कुणालाच नको होती. एका हाताची बाई घरात कशाला, म्हणाले. मी म्हटलं, द्या इकडं, माझ्या दोन हातांच्या सुनांनी तरी मला कुठं बसून खाऊ घातलंय.

गावच्या गणपतीपुढं हलता देखावा पाहिजे म्हणून मंडळाची पोरं तुमच्याकडं आली होती. त्यांना मंचरच्या मंडळासारखा मोटरीवरचा हवा होता. मोटर नको, लाकडाचाच करतो, हातानं फिरवायचा, असं म्हणून तुम्ही तो सगळा पावसाळा पडवीत काढलात. शिवणीच्या लाकडाची बाई, बाभळीची दातेरी चाकं, खाली सागाची पेटी. पेटीचा दांडा फिरवला की जातं फिरायचं, खुंट्यावरचा उजवा हात त्याच्याबरोबर गोल जायचा, कंबर पुढं वाकून मागं यायची आणि डावा हात सुपातला घास जात्याच्या तोंडाशी न्यायचा. तोंडावळा आईचा होता. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिचा फोटो आपल्याकडं एकही नव्हता. आत्ताही नाही.

मी पोचले तेव्हा आरती नुकतीच झाली होती. माणसं दाटली होती. तुम्ही स्वतः दांडा फिरवत होता, घामानं निथळत, आणि सारखं माझ्याकडं बघत होता. चांगली झाली म्हण, एवढंच पाहिजे होतं तुम्हाला. माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "दादा, आई डाव्या हातानं दळायची. हिचं हात उलटं केलंत तुमी." बायका फिसकन हसल्या. मागनं कुणीतरी बोललं, "म्हातारबा, बायकू इसारला व्हय राव?" तुम्ही दांडा सोडला. बाई वाकल्या जागी तशीच राहिली.

विसर्जन झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "नक्की डावा?"

"रोज तिच्या म्होरं मी बसायचे का तुमी?"

"तूच व्हतीस म्होरं," तुम्ही म्हणालात. "मी आपला पडवीत. मला निस्ती तिची पाठ दिसायची. तुलाच ठावं." आणि पटाशी घालून तुम्ही तिचा उजवा हात उतरवलात. माझ्यासमोर.

पण डाव्या हातानं दळायचं म्हणजे आतली चाकं सगळी फिरवून बसवायची. दिवाळीला आले तर पेटी उघडी, अर्धी चाकं परातीत, आणि तुमच्या हाताला कंप सुटलेला. मी म्हटलं, "असू द्या आता, कोण बघतंय." तुम्ही म्हणालात, "तिला चुकीची करून ठिवू का?" थंडीतच गेलात. नवा हात मनगटापर्यंतच झाला होता, बाईला बसवलेला नव्हता. पुढं नुसता ठोकळा, बोटं सुटायची राहिलेली.

दहाव्यापर्यंत पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी मीच तापवत होते. पडवीतल्या ढलप्या, तुकडे, जे हाताला लागेल ते बंबात घातलं. त्यात तो उतरवलेला उजवा हातही होता. दिसला मला. चुकीचाच आहे, म्हणून घातला.

गेल्या आठवड्यात थोरल्या नातीच्या लग्नाची हळद दळायला जातं मांडलं. धाकटी नात, दुसरीतली, हौसेनं माझ्यासमोर खुंटा धरून बसली. चार फेरे झाले नाहीत तर म्हणते, "आजी, तू डावखुरी हाय?"

"डोळं फुटलं का गं? उजवा न्हाई का ह्यो?"

"मग माझ्या डाव्या अंगाला कसा?"

बायका हसल्या आणि पुढची ओवी धरली. माझा हात खुंट्यावरच थांबला. मी आईसमोर बसायचे तेव्हा एवढीच होते. तिचा उजवा हात माझ्या डाव्या अंगाला यायचा, आणि आई डावखुरी, असं पोरवयात ठरवलेलं तेच डोक्यात धरून म्हातारी झाले. तुम्ही पाठीमागून बघत होता. पाठीमागून उजवा तो उजवाच दिसतो. तुम्ही आईला बरोबर केली होती, दादा, आणि माझ्या एका बोलण्यावर मोडून ठेवलीत. मला उलटून बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

दळण झाल्यावर पेटी खाली काढून दांडा फिरवून बघितला. जातं फिरत नाही. कंबर तेवढी हलते.

चौथी शिकलेली मी, एवढं लिहायला मला तीन दुपारी लागल्या. हे कुणाला दाखवायचं नाही, नातीच्या जुन्या वहीतच राहील. काल लग्नाला आलेल्या पाहुणीनं बाहुली बघून विचारलं, हिचा एक हात कुठं गेला? सगळी मंडळी बसली होती. मी म्हटलं, वडलांच्यानं झाला नाही. हात कापायचा त्यांचा.