मामांचा अस्सल माल

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे बसल्या बसल्याच). तुमची तब्येत ठणठणीत असणारच. साठ वर्षांत डॉक्टरची पायरी चढलो नाही, हे तुम्ही आम्हाला निदान साठ वेळा ऐकवलं आहे. पत्र नेहमीप्रमाणे मामी वाचून दाखवत असेल (चष्मा म्हणजे म्हातारपण ना!), तिलाही नमस्कार.

कंबर का धरली, ते सांगते. मूत्रपिंड कुरकुरायला लागलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते पकडायला आम्ही प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या ताटलीतल्या खळग्यांत प्रतिपिंडं चिकटवून ठेवतो. प्रथिन सापडलं की शेवटी खळगा पिवळा होतो. आमची जुनी चाचणी तुमच्यासारखीच, कानाशी ढोल वाजल्याशिवाय काही न ऐकणारी. तिला तिखट कानाची करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. केली! इतकी, की निरोगी माणसाचा खळगाही पिवळसर दिसू लागला. आणि आमचा निरोगी माणूस कोण? तुम्हीच. (मागे आला होतात तेव्हा "घे, अस्सल माल आहे" म्हणत बाही सरकवली होतीत, आठवतं?) आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, निरोगी माणसाला आजारी ठरवणारी चाचणी केराच्या टोपलीत जाईल. झालं! तीनदा धुवायच्या ताटल्या वाकून वाकून सातदा धुतल्या. प्रतिपिंडं भलतीकडे चिकटू नयेत म्हणून खळग्यांना दुधाच्या पावडरीचं पाणी लावतात, ती पावडर बदलली. (जुनी इतकी लवकर का संपायची, ते बाईंच्या चहावरून कळलं.) शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्या हातगुणाला नावं ठेवू लागले, आणि मी अगदी रडकुंडीला आले. शेवटी चिडून बाईंसकट अकरा जणांचं रक्त काढलं, तपासलं, आणि चाचणी पसंत झाली! बाईंनी टाळ्या वाजवल्या.

तुमची, नाक वर करून फिरणारी,
भाची

ता. क. मामा, तुमच्या अस्सल मालाला पुन्हा मागणी आहे. गुरुवारी सकाळी याच.

पुन्हा ता. क. मामी, हे मोठ्याने वाचू नकोस. अकराही खळगे स्वच्छ निघाले. पिवळा तेवढा मामांचाच. रंग पुसट आहे, चाचणी नवी आहे, चुकतही असेल. पण मला भीती वाटते गं. गुरुवारी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मामांना काहीही करून घेऊन ये. आणि "एवढा वेळ काय वाचतेस?" असं विचारलं, तर तुमच्या भाचीचं नेहमीचं चऱ्हाट म्हणून सांग.