चौथं कडवं

बुद्धपौर्णिमा, संध्याकाळ

दर बुद्धपौर्णिमेला आमचं घरचं गाणं नातेवाइकांच्या ग्रुपवर जातं. घरात लग्न झालं, बाळ आलं की एक कडवं वाढतं. यंदा मी शहाणपणा केला. पोरीला सातवाच महिना, तरी बाळाचं चौथं कडवं आधीच रचून, पेटीवर गाऊन सकाळी पाठवलं. दुपारी तिचं बीपी वाढलं. उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू. बघू म्हणजे काय?

आणि मी काय केलं? गाणं ग्रुपवरून पुसलं! अपशकुन मानणाऱ्यांची लेखांतून आयुष्यभर टर उडवणारा मी.

आईनं पकडलंच. "लेखात लई उड्या मारतो की रं. आता कडव्याला भ्यायला व्हय?"

"सूर चुकला होता, आई."

"व्हय, सूरच."

आत्ता पोरीचा फोन. आवाज अगदी बारीक. "पप्पा, गाणं कुठं गेलं? चौथं कडवं परत लावायचं होतं. सकाळी ते ऐकून बाळ हललं होतं."

पेटी पुढ्यात ओढलीय. आता सूर खरंच चुकणार.

आई म्हणते, "लिहिणं ठेव. फोन मी धरते, तू गा."