उगाच बाऊ कशाला

प्रिय सुनंदा,

तू गेल्यानंतर तुला लिहावे असे अनेकदा मनात आले. परंतु थकवा आड आला. आज लिहितो आहे, कारण तुझे एक वाक्य काल जिन्यावर पुन्हा ऐकू आले.

वरच्या खोलीत उमरीची वैष्णवी राहते, नीटच्या क्लाससाठी लातूरला आलेली. पोट दाबून पायरीवर बसली होती. विचारले, तर म्हणाली, "काही न्हाई काका. उगाच बाऊ कशाला?"

भूकंपानंतर लोक पुन्हा घरात झोपू लागले, तरी तू दाराशी तांब्यावर पेले रचून ठेवत होतीस, आठवते? जमीन हलली की ते कोसळावेत, आपल्याला जाग यावी. शेजारच्या वहिनी हसत, "किती बाऊ करायली ही बाई!" बाऊ म्हणजे लहान मुलांना दाखवायचे खोटे भय. तुझे भय कुठे खोटे होते? तू एवढेच म्हणालीस, "भ्यालेल्या माणसाला तो शब्द वापरू नये." आपल्या घरात तो पुन्हा कुणी वापरला नाही.

मग तूच का वापरलास? छातीत दुखत असताना पदराने घाम पुसत म्हणालीस, "अहो, दवाखाना कशाला? उगाच बाऊ." साऱ्या जगाची भीती तू खरी मानलीस, स्वतःचे दुखणे तेवढे खोटे ठरवलेस. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणे ही माझी आयुष्यभराची सवय. तीच आपल्याला नडली. एवढी एक तक्रार आहे तुझ्याविषयी.

काल मी विश्वास ठेवला नाही. वैष्णवीला रिक्षाने दवाखान्यात नेले. परीक्षेच्या धसक्याने पोरगी धड जेवलेली नव्हती, एवढेच निघाले. तिचे वडील उमरीहून धावत आले. लेक बरी दिसताच मला म्हणाले, "सर, तुम्ही बी लई बाऊ केला."

वैष्णवी खाटेवरून म्हणाली, "मग पप्पा, तुमच्या पायात दोन वेगळ्या चपला कशा?"

त्यांनी चपला खाटेखाली सरकवल्या. इतक्या वर्षांत बाऊ केल्याचा आरोप माझ्यावर प्रथमच झाला, आणि तो नाकारावासा वाटला नाही.

आज दिवेलागणीला तुझे पेले शोधून काढले. रचताना वरचा पेला निसटतो. तरी रचले आहेत.

तुला वचन देतो: यापुढे या घरात कुणी "काही नाही" म्हणाले, तर मी ते मानणार नाही. लोक हसले तरी बाऊ करीन.

तुझाच,
माधव