लग्नपत्रिकेच्या पाठीवरची अळी

सोमवार, दिवेलागणीला. उस्मानपुरा.

नणंदेच्या लग्नाच्या पत्रिका लई उरल्यात. जाड कागद, पाठ कोरी. तिथंच फुलपाखराचं कोडं काढलं: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. खाचा पाडून कापलं. पाच वर्षांच्या माझ्या सईनं ते झटक्यात जुळवलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले.

आज स्वयंपाकघरातून बाहेर आले तर कोडं जुळलेलं, पण उलटं. वर नवरा-नवरीची नावं, खाली पोरांच्या नावानं छापतात ती ओळ, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ अळी, कोष सगळे फरशीकडे तोंड करून.

“मम्मी, झालं बी!”

म्हणजे ही नुसत्या खाचा जुळवत होती? अळीकडे कधी बघितलंच नाय? बघायची गरजच मी ठेवली नव्हती.

हे सोफ्यावरून म्हणाले, “शाळेत शिकवतील की. कशाला डोकं फोडतीस?” कात्री घेतली आणि सगळ्या खाचा छाटल्या. आता चारही तुकडे सारखे चौकोनी, कुठलाही कुठंही बसतो.

सई रडकुंडीला आली. “आता कसं कळणार?”

उत्तर ओठांवर आलं होतं. गिळलं.

बराच वेळ फुरंगटून बसली. मग कोषाचा तुकडा घेऊन बाल्कनीत गेली, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी उकिडवी बसली. तिथं परवापासून एक हिरवी अळी आहे.

“मम्मी, ही अजून खातीय. म्हणजे हे हिच्या नंतरचं.”

नव्या कोड्यांसाठी पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावरून खाली काढलाय. आता खाचा नाय, कात्री सरळच चालणार.