तुमच्या वाटणीचं बोलणं

शहापूर, बेळगाव
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थरूप बायाक्का यांस,

धाकट्या इंदूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही घरी नीट पोचलो. तुम्ही, भरमूदादा आणि वहिनी बरे असाल. आमची खुशाली कळवावी आणि तुमची विचारावी म्हणून हे पत्र. तुम्हाला वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे होते तेव्हा सकाळी तुम्हाला पोथी वाचताना ऐकलं, म्हणून धीर करून लिहिते.

यल्लाप्पानं गाडी सावकाश आणली. पिरनवाडीपर्यंत रस्ता बरा होता. पुढं झाडं आडवी पडलेली. एका ठिकाणी बैल सोडून बाजूनं काढले आणि वाटेवरच्या माणसांनी गाडी उचलून पलीकडे ठेवली. आमची नागू तुमच्या घोंगड्यात झोपली होती, तिला पत्ता नाही. जागी झाली ती "आक्का कुठाय" म्हणूनच. आक्का तिच्या गावी मच्छ्याला राहिली, म्हटलं, तर रडायला लागली.

तळ्याचा बांध फुटणार अशी दवंडी पिटून आम्हाला घराबाहेर काढलं, तो बांध शेवटी फुटला नाही. पण त्या वाऱ्यापावसानं नाला फुगला आणि पाणी गल्लीत शिरलं. घराची मागची भिंत बसली आहे. सोपा शाबूत आहे. मागाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, ते घरधन्यांनी घागरीनं उपसलं. मागावर लुगडं अर्धं विणून झालेलं. काठाचा तांबडा रंग उतरून सगळा ताणा डागाळला. ते खड्ड्याच्या काठावर बसून नुसते बघत होते. मी म्हटलं, माणसं राहिली ना. त्यावर नुसती मान हलवली. तुम्हाला त्यांचा स्वभाव माझ्याहून जास्त ठाऊक.

दारातला शेवगा पडला. तो तुम्ही लावलेला, असं शेजारच्या ताराबाईंनी सांगितलं. गाडीचा आवाज ऐकून त्याच आधी आल्या. मी एवढे दिवस कुठं होते ते कळल्यावर जवळ सरकल्या. मग हळूच विचारलं, कशी हाय गं ती? मी म्हटलं, बरी आहेत, केस थोडे पिकलेत. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

रागावणार नसाल तर एक लिहिते. गाडी मच्छ्याला निघाली आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरधन्यांनी यल्लाप्पाला परस्पर सांगितलेलं. शहापूर मागं पडल्यावर मला कळलं, तेव्हा वाटलं, उतरावं आणि पावसात चालत माघारी जावं. सवतीच्या दारात आसरा मागायला कसं जायचं? तुम्ही मला कधी बघितलेलं नाही, मी तुम्हाला नाही. दार उघडलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि मी कोण हे मी सांगायच्या आत नागूला माझ्या कडेवरून घेतलंत. "आधी आत ये, पोरगी भिजतीया," एवढंच म्हणालात. नंतरच्या दिवसांतही तुम्ही फार बोलला नाहीत. पण नागूचा घसा धरला तेव्हा तिला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिलात, आणि मला झोप म्हणालात. माझी आई मी लहान असतानाच गेली. तसं मला कुणी झोप म्हटल्याचं आठवत नाही.

आत्याबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत, कारण त्यांचे गुडघे धरले होते. त्यांना गाडीचे धक्के सोसले नसते. त्या आणि त्यांचे लेक, आपले घरधनी, गावातल्या मठात राहिले. मठाचं छप्पर उडालं आणि सगळी माणसं भिजली. त्यामुळं आत्याबाईंना थोडी कणकण आहे. काळजीचं काही नाही. तापात माणूस काहीबाही बोलतं. तुमची आठवण काढतात.

तुमचं आडवं झालेलं भात सगळं उचलून झालं का? शेवटच्या दिवशी मीही पेंढ्या बांधायला आले होते तेव्हा निम्मं राहिलं होतं. लोंब्यांना मोड आले नसतील अशी आशा आहे. जमलं तर एकदा येऊन जा, असं लिहिणार होते. पण कापणीचे दिवस, तुम्हाला कसं सवडणार. ते लिहिलं नाही असं समजा.

तुमची,
इंदू


शहापूर
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

बायाक्का,

नमस्कार. आत्याबाईंचं तेरावं झालं. भरमूदादा मातीला आले, तेराव्यालाही आले. त्यांनी जाताना नागूच्या हातावर गूळ ठेवला. तुम्ही आला नाहीत. त्यावर बोलायचा घरात कुणाला हक्क नाही.

भिंत बांधायला घेतली आहे. दगड पहिलेच, माती नवी. मागावर नवा ताणा चढला. ते सकाळी बसतात ते दिवेलागणीला उठतात. नागूला आता खोकला नाही. ताराबाई त्यांची शेळी पुरात गेली म्हणून रडत होत्या, ती वडगावात कुणाच्या तरी परड्यात सापडली. असं सगळं हळूहळू जागच्या जागी येतंय.

हे सगळं लिहून झाल्यावर उठणार होते. पण ज्यासाठी कागद घेतला ते राहिलंच.

मागच्या पत्रात आत्याबाईंच्या गुडघ्याचं लिहिलं ते खरं नव्हतं. त्या गाडीत चढायला आल्या होत्या. चाकावर पाय ठेवला होता. यल्लाप्पानं त्यांच्या कानाशी मच्छे म्हटलं, हे मला मागाहून कळलं, आणि त्यांनी पाय खाली घेतला. "तिच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ? पोरीला घेऊन तू जा," म्हणाल्या. त्यांच्यासाठी ते मागं थांबले. मी निघाले. कुठल्या गावाला निघालो ते मला विचारायचं सुचलं नाही, त्यांच्या त्या बोलण्याचा अर्थही तेव्हा लागला नाही.

तुमची हकिगत मला या घरात कुणी सरळ सांगितली नव्हती. ताराबाईंकडून तुकड्यातुकड्यानं कळली. मूल होईना म्हणून आत्याबाईंनी तुम्हाला नागपंचमीला माहेरी धाडलं, आणि न्यायला कुणाला पाठवलंच नाही. तुम्ही दिवाळीपर्यंत वाट बघितलीत, मग संक्रांतीपर्यंत. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझ्या मामानं ठरवलं, मला विचारलं नाही, पण मी आले ती तुमच्याच जागेवर आले.

मी परत आले तेव्हा आत्याबाईंचा ताप चढलेला होता. मोतीबिंदूनं डोळ्यांना तसंही दिसत नव्हतं. मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं तर माझा हात चाचपून म्हणाल्या, "बाये?" मी म्हटलं, मी इंदू. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्हाला खरं सांगते, मला लागलं ते. डोळे गेल्यापासून त्यांचं सगळं मी केलं, न्हाऊ घातलं, घास भरवला, आणि तापात तोंडात नाव तुमचं. त्याच दिवसांत ते पहिलं पत्र लिहिलं. येऊन जा असं लिहिलं आणि लगेच खोडल्यासारखं केलं, ते का, तुम्ही ओळखलं असेल.

मग एके दुपारी त्या उठून बसल्या. अंगात बळ नव्हतं, तरी बसल्या. दाराकडं तोंड करून हाका मारायला लागल्या, बाये, बाये. आवाज असा की गल्लीतली माणसं थांबली. मी जवळ गेले आणि या वेळी इंदू म्हटलं नाही. तुमच्यासारखंच बोलले, "व्हय आत्याबाई, आले."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "तुला न्यायला माणूस धाडला न्हाय गं मी. माझा केदारी रोज तुला आणायला जातो म्हणायचा, मीच आडवी झाले. तू दाराकडं बघत बसली असशील, ते मला रोज दिसायचं. आता चल घरला. राग गेला न्हवं तुझा?"

मी काय करायला हवं होतं, बायाक्का? ते बोलणं तुमच्या वाटणीचं होतं, आणि हात माझे धरलेले. गप्प राहिले असते तर त्या तशाच दाराकडं तोंड करून बसल्या असत्या. मी म्हटलं, "गेला आत्याबाई. राग न्हाय काय. मी घरातच हाय." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कूस वळवून निजल्या. पुन्हा हाक मारली नाही. दोन दिवसांनी सकाळी गेल्या.

त्या दुपारी मी मागं वळले तर घरधनी चौकटीपाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "तिला कळवायला पायजे." मी म्हटलं, तुम्ही कळवा. ते मागाच्या खड्ड्यात उतरले आणि फणीत तुटलेले धागे ओवत बसले. त्यांच्या हातून हे पत्र कधी लिहून होणार नाही. म्हणून मी लिहिते.

तुमचा राग माझा नव्हता. मी तो न विचारता टाकून दिला. त्यांनी मागितलेली माफी मात्र तुमचीच आहे, एक शब्द कमी न करता ती लिहिली आहे. तुम्ही म्हणाल, इंदे, तुला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला, तर ते बरोबरच आहे. मी ऐकून घेईन. फक्त गप्प राहू नका.

इंदू


मच्छे
मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. इंदूस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. माझं अक्षर चांगलं न्हाय, लिहायची सवय मोडली. समजून घे.

भात निम्मं वाचलं. मोड आलेलं जनावरांस्नी घातलं.

मातीला आले न्हाय म्हणतीस. भरमूबरोबर निघाले होते. पिरनवाडीपतोर आले. तिथं पाय थांबला. भरमू म्हणाला, चल आक्का. मी म्हटलं, तू हो पुढं. एकटी चालत माघारी आले. वाटंत रडले, पण ते म्हातारीसाठी का माझ्यासाठी, मला सांगता येत न्हाय.

तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तवा तुझा राग आला. माझ्या नावानं बोलणारी ही कोण, असं वाटलं. कागद फळीवर टाकला आणि खळ्यावर गेले. सांजचं येऊन परत वाचला.

तुला खरं सांगते. मी तिथं असते तर माझ्या तोंडातनं 'गेला' निघालं नसतं. मी हात सोडवून घेतला असता, न्हायतर नुसती उभी राहिले असते. म्हातारी तशीच गेली असती आणि पुढं जलमभर मला ते डाचलं असतं. माझा राग आजबी सगळा गेला न्हाय. थोडा हाय, तो माझा मी सांभाळीन. पण तू बोललीस ते खोटं होतं असं मी कुणापाशी म्हणणार न्हाय. मीच बोलले असं धर.

ते रोज जातो म्हणायचे, हे मला ठावं नव्हतं. तेवढीच ओळ परत परत वाचली. त्यांस्नी यातलं काय सांगू नकोस. इचारलं तर म्हण, पत्र पोचलं.

त्या घरला मी आता येणार न्हाय. ते घर तुझं. तू माझ्या जागंवर आलीस असं लिहिलंस, तसं मनात धरू नकोस. पंधरा वर्सांच्या पोरीला कुणी जागा इचारून देत न्हाय. तुझी जागा तू केलीस, म्हातारीचं करून केलीस.

यल्लाप्पाच्या गाडीतनं नवे तांदूळ धाडलेत. मऊ शिजतात, पाणी बेतानं घाल. नागूला बोरं देऊ नकोस, घसा धरंल. सवड झाली की तिला घेऊन ये. आधी कळवायची गरज न्हाय, मी कुठं जातीया. आली की चार दिस ऱ्हा. तुलाबी झोप पायजे.

तुझी आक्का,
बाया