बसले, पडले न्हाई

माणूस भुईवर बसलं की ते पडलं, असं ज्या कुणी ठरवलं त्याच्या घरी भुई नसंल का? का त्याची माय टेबलावर चढून भाकरी थापत होती? आधी हे गाऱ्हाणं ऐक माय, मग बाकीचं. तू गेलीस तेव्हा घड्याळ म्हणजे वेळ बघायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. आता मनगटावर बांधायचं असं निघालंय की ते तुझी लेक उभी हाय का आडवी, ते परगावी कळवतं. माझा पोरगा नांदेडला नोकरीला, मी इथं लातूरला एकटी. "आई, गळ्यात घालायचं पण मिळतं," म्हणला. मी म्हणलं, गळ्यात पूजेचं लिंग हाय, त्याच्या शेजारी तुझी डबी लोंबकळणार न्हाई. म्हणून मनगटावर आलं. नातीनं शिकवलं, "आजी, तू पडलीस असं ह्याला वाटलं की हे थरथरणार. ठीक असलीस तर हिरव्यावर बोट दाब. न्हाई दाबलंस तर पप्पाला फोन जाणार."

मी कशी बसते ते तुला सांगायला नको. गुडघे वाकले की उरलेलं अंग आपसूक खाली, धप्पकन. तू चुलीपासून ओरडायचीस, "हळू बस गं भवाने, भुईला लागतं!" भुईला काय लागतंय, मी म्हणायची, आणि तू उलथनं उगारायचीस. म्हातारी झाले तरी सवय गेली न्हाई. गॅस बी मी खालीच मांडलाय, उभ्यानं भाकरी मला जमत न्हाई. तर पहिल्याच दिवशी पीठ मळून, पाणी घ्यायला उठले आणि परत धप्पकन बसले, की हे लागलं थरथरायला. हिरव्यावर बोट दाबलं, पण पिठाचं बोट त्याला कळंना. पदराला पुसेस्तोवर नांदेडला फोन गेला, नांदेडहून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला आला, आणि ती बिचारी ओल्या केसांनी पळत दारात. "काकू! पडल्या का?"

"बसले. पडले न्हाई. आता मयतीला आलीसच तर भाकर खाऊन जा, उपाशी कशाला जातीस."

ती हसली. पण दुसऱ्या बारीला हसली न्हाई, आणि तिसऱ्या बारीला दारातूनच बघून गेली. पोराचा फोन आला, "आई, मी साहेबासमोरून उठून आलो. जरा हळू बसत जा की." ऐकलंस का माय? तुझंच वाक्य. फक्त भुईच्या जागी साहेब आला.

मग मी शिकले. आधी हात भिंतीला, मग एक गुडघा, मग दुसरा. दुधाचं भरलेलं पातेलं खाली ठेवावं तशी मी मला खाली ठेवायला लागले. तुला जे उलथनं दाखवून जमलं न्हाई ते ह्या डबीनं नुसतं थरथरून करून दाखवलं. पोरगा खूष. "बघ, आता कसं नीट सेट झालं!" कोण सेट झालं ते त्यानं काही सांगितलं न्हाई. आणि शेजारीण, जी रोज सकाळी "काकू, चहा झाला का" म्हणून डोकवायची, ती यायची बंद झाली. वाईट न्हाई गं ती. एकदा जिन्यात भेटली तर म्हणली, "तुम्हाला आता घड्याळ हाय न्हवं, मला काळजी न्हाई."

तुला आठवतं, हदगावच्या घरी तू तापानं पडली होतीस आणि सकाळी चूल पेटली न्हाई? मी लहान, तुझ्या उशाशी बसलेली. कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. सांगावं लागलंच न्हाई. आपल्या छपरातनं धूर निघाला न्हाई, एवढं बघून पलीकडची म्हातारी आली. हातात खापरीवर विस्तव. "मागायला येती रोज, आज आली न्हाई, म्हणून मीच घेऊन आले," म्हणली. आपल्याकडं काडेपेटी होती तरी तू तिच्याकडं विस्तव मागायला जायचीस. मला तेव्हा ते चिकटपणाचं वाटायचं. आता गॅसला धूर न्हाई. मी पेटवला काय न् न्हाई काय, वरच्या मजल्याला काय कळणार?

परवाचं सांगते. न्हाणीत फरशी ओली होती, पाय सरकला. उजवा हात भिंतीला गेला, कुणी सांगावं लागलं न्हाई. एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग मी भिंतीला घासत घासत खाली आले. अगदी शिकल्याप्रमाणं, पातेल्यासारखी. डावा हात अंगाखाली अडकला, घड्याळ त्याच हातात. ते गप्प. माझ्या बरगडीखाली गप्प पडून राहिलं. मी वाट बघते की आता थरथरंल, आता नांदेडला जाईल. त्याला वाटलं असंल, म्हातारी बसलीय. पाय हलत न्हाई, नळ ठिबकून राहिला, खिडकीतलं ऊन भिंतीवरनं खाली उतरून बादलीपाशी आलं. मी हाका मारल्या. दार बंद, वरच्या घरात टीव्ही. शेवटी पोराचं नाव घ्यायचं सुटलं आणि तोंडातनं आलं, "माय गं!" एकदा न्हाई, लई बारी.

दुपार कलल्यावर हात सुटला, बादलीचा आधार घेऊन उठले. पोराला सांगितलं न्हाई. सांगितलं तर तो न्हाणीत बी एक डबी लावंल, आणि तिच्यापायी मी आणखी कायतरी करायचं सोडून देईन.

काल गॅससमोर उभी राहिले आणि ठरवलं, आता धप्पकन बसायचं. थरथरू दे, साहेब उठू दे, शेजारीण शिव्या देत येऊ दे. गुडघे वाकवले, आणि हात आपोआप भिंतीकडं गेला. परत उभी राहिले. परत हात गेला. माय, मला पडता येईना झालंय. ह्याची मला जेवढी भीती वाटून राहिली तेवढी मरायची वाटत न्हाई.

हे तिसरीपुरत्या अक्षरातलं लिहिणं टपालात टाकायला तुझा पत्ता न्हाई. पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र राहिलं. न्हाणीत मी हाका मारत होते तेव्हा तू गोठ्यातनं द्यायचीस तशी ओ आल्यासारखी वाटली, आणि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. म्हणून बजावून ठेवते: इथनं पुढं मी किती बी "माय गं" म्हणलं तरी तू ओ देऊ नकोस. ओ पोरानं द्यायची.