डबेकाका विचारतात, कशाला?

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र एकदा चष्मा लावून वाचलं, एकदा नुसतंच धरून बसले. नात नर्स झाली, पगार घेते, वर शिल्लकही टाकते. शिल्लक टाकणं तुझ्या आजोबांना कधी जमलं नाही. त्यांच्या खिशात पैसा टिकायचाच नाही. म्हणून तर मी डबेकाकांकडून पत्र्याचा डबा करून घेतला. वर नाण्या-नोटांपुरती फट आणि झाकण डाख देऊन कायमचं बंद. उघडायचा तर त्यांच्याच दुकानात जाऊन कापून घ्यायचा. आणि कात्री उचलण्याआधी काका विचारणार, कशाला? तेही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. आजोबा दोनदा दारातून परत आले. एकदा नव्या बुटांसाठी गेले होते, दुसऱ्यांदा कशासाठी ते मलाही सांगितलं नाही.

तुझी बँक काही विचारत नाही म्हणतेस. मग तू मला विचार. चौघींच्या त्या खोलीतून निघून स्वतःची घ्यायची, एक खाट तुझी, एक माझी, हे ठरलेलं आहे. त्या पैशाला हात लावण्याआधी आजीला पत्र. बाकी ठीक. शेजारणीची मांजर माझ्या उशीवर व्याली.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आजी

ता. १९ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

तू म्हणालीस म्हणून विचारते, हसू नकोस. आमच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणारा दादा एका कंपनीचे शेअर घे म्हणतोय. त्याचे पैसे बघता बघता दुप्पट झाले. मी सगळी शिल्लक घातली तर खोली यंदाच होईल. नाहीतर आणखी दीड-दोन वर्षं. तोवर तुझे गुडघे इथले जिने चढतील का, याचीच मला धास्ती वाटते. लवकर हो म्हण, दादाला घाई आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भिंगरी

ता. २८ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

खरं सांगू, मलाच हाव सुटली. दुप्पट ऐकलं आणि डबा पिशवीत घालून दुकान गाठलं. काकांनी विचारलं, कशाला? म्हटलं, शेअर घ्यायला. बरं, म्हणाले, कंपनी करते काय? मी म्हटलं, दुप्पट करते. दुकानातले सगळे हसले, मग मीही हसले आणि डबा होता तसा घरी आणला.

मला त्यातलं काही कळत नाही. पण दादाला विचार, कंपनी करते काय, आणि पडली तर खोलीचं काय. गुडघे माझे आहेत, त्यांना मी सांगते थांबायला. मांजरीची पिल्लं तीन, तिन्ही चोरटी.

सदा तुझी,
आजी

ता. ११ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न.

विचारलं. दादानं कान खाजवला. त्याला मेव्हण्यानं सांगितलं होतं आणि मेव्हण्याला न्हाव्यानं. कंपनी काय करते ते तिघांनाही माहीत नाही.

खोलीचे पैसे बँकेतल्या ठेवीत ठेवले. व्याज मुंगीच्या पावलानं येतं, पण येतं. पगार झाला की आधी तिथे भर, मग खर्च. शेअरची हौस म्हणून पुष्कळ कंपन्यांत वाटून ठेवणाऱ्या एका फंडात दरमहा थोडे घालते. ते म्हातारी होईपर्यंत विसरायचे, असं ठरवलंय. तू मात्र थांब.

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस,
भिंगरी

ता. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून दीड वर्ष वाट पाहिली त्याचं चीज झालं. खोली मिळाली, तीही तळमजल्यावर. पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, मांजरीलाही दाखवलं.

काल डबा घेऊन दुकानात गेले, तिकिटाचे पैसे काढायला. मी उंबऱ्यात पाऊल टाकते तोच काकांनी कात्री उचलली. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना सगळं कळलं म्हणे. कशाला, हे विचारलंच नाही. मला असा राग आला. इतकी वर्षं एकेक नाणं टाकताना मी उत्तर घोकून ठेवलं होतं. त्यांना कात्री खाली ठेवायला लावली, म्हटलं, आधी विचारा.

मग विचारलं त्यांनी. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

शनिवारच्या गाडीनं येते. खिडकीजवळची खाट माझी.

पत्राच्या मागोमाग पोचणारी,
आजी